आधी चेहरा दिसला पाहिजे

पोर्ट्रेटच्या, म्हणजे माणसांचे फोटो काढायच्या कामात नवी होते तेव्हाची एक फ्रेम मी अजून जपून ठेवली आहे. पांढराशुभ्र शर्ट, छातीवर मोठी लाल अक्षरं आणि कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश थेट तोंडावर मारलेला. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे चट्टे, हनुवटीखाली धारदार काळी सावली. समोरच्या माणसाचे डोळे फार बोलके होते, पण या फोटोत ते शोधावे लागतात.

तेव्हा कपडे आणि फ्लॅश या मला दोन वेगळ्या चुका वाटल्या. खरं तर दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: फोटोत जे सगळ्यात उजळ किंवा भडक असतं, तिथे नजर आधी जाते. म्हणून डोळे किलकिले करून फोटो बघायची सवय लावून घ्या. आधी जे दिसेल, ते चेहऱ्याच्या वाटेत आलेलं आहे.

कपड्यांचं निम्मं काम क्लिक करण्याआधीच होतं. मंद किंवा गडद रंगाचे, एकरंगी कपडे आणायला आधीच सांगावं. बारीक रेघांचा शर्ट टाळावा. त्या रेघा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बारीक ठिपक्यांच्या जाळीशी भिडल्या की कापडावर इंद्रधनुषी लाटा उमटतात आणि त्या नंतर काढताना जीव जातो. शर्ट तोच असेल तर दोन पावलं पुढे-मागे सरकून बघा, लाटा बऱ्याचदा जातात. लाल किंवा पोपटी कपड्याचा रंग हनुवटीखालच्या कातडीवर चढतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं. बसलेल्या माणसाचा शर्ट पोटाशी फुगतो, कॉलर एका बाजूला चढते. तेवढं नीट करायला अर्धा मिनिट लागतो. विचारून, हळूच करा. माणसाला संकोच वाटला तर तो चेहऱ्यावर दिसतो.

फ्लॅश कडक का वाटतो? तो लहान असतो म्हणून. प्रकाशाचा उगम चेहऱ्याच्या मानाने जितका लहान, तितकी सावलीची कड तीक्ष्ण. फ्लॅश लांब नेला की प्रकाश मऊ होईल असं नव्या मुलांना वाटतं, पण तो आणखी लहान दिसू लागतो आणि सावली अधिकच करकरीत होते. त्यापेक्षा फ्लॅशचं डोकं पांढऱ्या छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा, म्हणजे अख्खं छतच दिवा बनतं. छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर येईल, हे ध्यानात ठेवा. अशाने प्रकाश बराच कमी पडतो. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, 200 वरून 800 वर नेते. त्यातून दोन स्टॉप परत मिळतात; एक स्टॉप म्हणजे उजळपणा दुप्पट. शटर 1/60 सेकंदाच्या आसपास उघडं ठेवलं की खोलीतला मूळ उजेडही फोटोत येतो. प्रकाश पसरवायला फ्लॅशवर बसवतात त्या प्लास्टिकच्या टोपीवर मोकळ्या मैदानात भरवसा ठेवू नका. प्रकाश परतवायला तिथे भिंतीच नसतात. आणि माणसाला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे घ्या, मागची सावली आपोआप विरते.

एवढं करूनही कधी चुकतंच. परवा ती जुनी फ्रेम फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडली. कपाळाच्या मधोमध लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांचे आकडे 255 होते, म्हणजे कमाल मर्यादेवर; तिथे कातडीची माहितीच उरलेली नव्हती. हायलाइटचा (उजळ भागांचा) स्लायडर खाली ओढला तर चट्टा नुसता राखाडी झाला. मग फोटोवर नवा लेअर (थर) घेतला आणि एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणारा क्लोन स्टॅम्प उचलला: मोड डार्कन, ओपॅसिटी (ठशाचा दाटपणा) 15 टक्के आणि नमुना शेजारच्या कातडीचा. या मोडमध्ये फक्त उजळ ठिपके झाकले जातात, आधीच गडद असलेली रंध्रं तशीच राहतात. तीन-चार हलके हात फिरवले. चकाकी पूर्ण काढली नाही; पूर्ण सपाट कपाळ मेणाचं दिसतं. बदल शर्टापुरताच राहावा म्हणून त्यावर मास्क टाकून उजेड एका स्टॉपने खाली आणला आणि लाल अक्षरांचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) निम्म्याहून कमी केलं. अक्षरं पुसली नाहीत, शर्ट त्याचा आवडता होता.

हनुवटीखालची सावली काही मऊ झाली नाही, ती तशीच आहे. पण आता डोळे किलकिले केले की पहिल्यांदा त्याचे डोळे दिसतात.