नव्या मशिनवर आपलं शेल नेताना

चार्जर, ब्राउझरचे पासवर्ड, फोटोंचा बॅकअप हे कोणी विसरत नाही, त्यामुळे ते सोडून देतो. हे फक्त होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फायलींबद्दल, म्हणजे शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगबद्दल.

ऑफिसात मॅक, घरी उबुंटू आणि कुठेतरी भाड्याचा सर्व्हर असेल तर सगळ्या फायली एका फोल्डरात, फोल्डर गिटमध्ये (फायलींचा प्रत्येक बदल नोंदवणारं टूल) आणि होममध्ये नुसत्या सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारे दुवे). या कामासाठी स्टो वापरा नाहीतर शेम्वा (chezmoi; ते एरवी सिमलिंकऐवजी प्रती ठेवतं), त्यावर वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका. पुश (बदल गिटच्या सर्व्हरवर पाठवणं) मात्र हिंजवडी सोडायच्या आधी करा. कोथरूडला पोचल्यावर आठवलं तर त्या ट्रॅफिकमध्ये कोणी परत जात नाही. टोकन (पासवर्डसारखी गुप्त अक्षरं) आणि एसएसएचच्या (दूरच्या मशिनवर सुरक्षित शिरण्याची सोय) की गिटमध्ये अजिबात नाहीत, रेपो प्रायव्हेट असला तरी. त्यांची वेगळी लोकल फाइल करा आणि तिचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींची यादी) घाला. चुकून कमिट झालेलं (गिटमध्ये नोंदलेलं) टोकन ओळ पुसून जात नाही, हिस्ट्रीत राहतं; ते रद्दच करावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. बॅशआरसीच्या (बॅश या शेलची सेटिंगची फाइल) अगदी वर, काहीही छापायच्या आधी, शेल इंटरॅक्टिव्ह आहे का, म्हणजे समोर माणूस कमांड टाइप करतोय का, ते तपासा आणि नसेल तर तिथूनच परत फिरा. एसएसएचवरून नुसती एखादी कमांड पाठवली तरी पलीकडचं बॅश ही फाइल वाचतं. तुम्ही हौसेने तिथे 'वेलकम' इको केलेलं (छापलेलं) असतं. लॉगिन केलं की ते छानच दिसतं, म्हणून शंका येत नाही. मग आरसिंक (दोन मशिनमधल्या फायली जुळवणारं टूल) 'इज युअर शेल क्लीन?' असं विचारून बंद पडतं. एसएफटीपीची (एसएसएचवरून फायली पाठवण्याची सोय) तऱ्हा याहून वाईट: ते 'वेलकम'ची पहिली चार इंग्रजी अक्षरं निरोपाची लांबी म्हणून वाचतं आणि 1466264675 एवढा मोठा निरोप आल्याची तक्रार करतं. मग माणूस नेटवर्क तपासतो, फायरवॉल तपासतो, होस्टिंगवाल्याला तिकीट टाकतो. बॅशआरसी कोणी उघडत नाही.

गंमत म्हणजे उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत ही तपासणी वरच असते. आपण आपली फाइल तिच्यावर आणून टाकतो आणि तपासणी जाते. मॅकवर हे दिसतही नाही, कारण 2019 च्या कॅटालिनापासून तिथे डीफॉल्ट शेल झेडएसएच आहे आणि ते झेडएसएचआरसी (आपली सेटिंगची फाइल) फक्त इंटरॅक्टिव्ह असतानाच वाचतं. झेडएसएचएनव्ही ही दुसरी फाइल मात्र दर वेळी वाचतं, तेव्हा तिथेही काही छापायचं नाही. कुठेच छापायचं नाही. तपासायला सर्व्हरवर एसएसएचने 'ट्रू' ही काहीच न छापणारी कमांड चालवा, आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि साइज बघा. शून्य बाइट. एकसुद्धा जास्त असेल तर पुढे जाऊ नका.

मॅक-लिनक्सच्या फरकासाठी 'यूनेम'वर (सिस्टिमचं नाव सांगणारी कमांड) एक केस लिहा: डार्विन (म्हणजे मॅक) असेल तर हे, लिनक्स असेल तर ते. होमब्रू (मॅकवर प्रोग्राम बसवणारं टूल) अ‍ॅपल सिलिकॉनवर ऑप्टखाली बसतं, इंटेलवर यूएसआर-लोकलखाली. पाथ (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) हातानं लिहून ठेवला असेल तर अर्ध्या कमांड सापडणार नाहीत. 'सेड'ला (मजकूर बदलणारी कमांड) आयचा, म्हणजे फाइल जागीच बदलायचा, पर्याय दिला की मॅकवर बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावं लागतं, रिकामं का होईना. मॅकसोबत येणारं बॅश अजून 3.2 आहे, त्यात नावाने मूल्य शोधता येणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे चालत नाहीत. मॅकचं टर्मिनल लॉगिन शेल उघडतं, उबुंटूचं उघडत नाही; आणि लॉगिन बॅश बॅशआरसीऐवजी बॅशप्रोफाइल वाचतं. म्हणून बॅशप्रोफाइलमधून बॅशआरसी बोलवा आणि विषय संपवा.

फायलींना विंडोजवर हात लागला असेल तर ओळींचे शेवट एलएफ (मॅक-लिनक्सचं ओळ संपल्याचं चिन्ह) करा. डीफॉल्ट शेल बदलताना एक सेशन उघडं ठेवा, नवीन लॉगिन चालल्याशिवाय ते बंद करू नका. परवानग्या: एसएसएच फोल्डरला 700 (सगळे हक्क फक्त मालकाला), प्रायव्हेट कीला 600 (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला). शेलची हिस्ट्री (जुन्या कमांडची यादी) आणू नका, कचरा असतो. काही बदललं की शून्य बाइटची तपासणी पुन्हा, हो, पुन्हा. जुना लॅपटॉप परत करायचा असेल तर त्याची की आधी गिटहबवरून आणि सर्व्हरवरून काढा, मग फॉरमॅट.