इम्फाळला मदतीसाठी जाताना: आधी लिटर मोजा

मणिपूरला मदतकार्यासाठी जाणाऱ्या गटांची तयारी औषधांच्या यादीपासून सुरू होते. माझा आग्रह असा की ती नकाशापासून सुरू करा. इम्फाळचं खोरं चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे आणि पेट्रोल, डिझेल, गॅस हे सगळं त्या डोंगरांतून टँकरने वर चढून येतं. मुख्य रस्ते दोनच. राष्ट्रीय महामार्ग 2 नागालँडमधल्या कोहिमाहून सेनापती, कांगपोकपी करत येतो, आणि 37 सिल्चरकडून जिरीबाम, नोनी करत. एक बंद झाला की खोरं दुसऱ्याच्या जिवावर जगतं. दुसऱ्यावर पावसाळ्यात दरड कोसळली किंवा टँकरवर गोळीबार झाला, की दोन-तीन दिवसांत पंपांवर दोऱ्या बांधलेल्या दिसतात. 2011 मध्ये आंदोलकांनी या रस्त्यांची केलेली नाकेबंदी शंभर दिवसांच्या वर चालली. 2016 च्या 1 नोव्हेंबरला सुरू झालेली मार्च 2017 पर्यंत ताणली गेली. 3 मे 2023 ला खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी-झो या समाजांत हिंसाचार पेटला, त्यानंतर त्याच महिन्यात इम्फाळमध्ये काळ्या बाजारात पेट्रोल लिटरला 170 रुपयांवर आणि घरगुती सिलिंडर 1800 रुपयांवर गेला होता. पंपावरचा अधिकृत दर तेव्हा शंभरच्या आसपास होता. हे आकडे घाबरवायला सांगत नाही. तिथल्या माणसांना ‘ब्लॅक’ हा शब्द वर्षानुवर्षं ओळखीचा आहे, हे जाण्याआधी कळलेलं असावं म्हणून सांगतो आहे.

आता कागद घ्या आणि लिटर मोजा. समजा राहण्याची सोय इम्फाळमध्ये आहे आणि काम मोइरांगच्या विस्थापितांच्या छावणीत. जाऊन-येऊन 90 किलोमीटर. भाड्याची जीप लिटरला 12 किलोमीटर देते असं धरलं तर रोजचे साडेसात लिटर, सहा दिवसांचे 45. 2023 मधल्या ब्लॅकच्या दराने लिटरमागे सत्तर रुपये जादा, म्हणजे तीन हजारांच्या वर नुसता फरक. वर्गणी काढून गेलेल्या गटाला तीन हजार परवडतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पोचल्या दिवशीच रस्त्याकडेला एका ठिकाणी वीस लिटर घेतलं, सांगितलेल्या भावाने, घासाघीस न करता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वळणावर भाव चढलेला होता आणि स्कूटरवर आजारी आईला घेऊन आलेला एक मुलगा अर्धा लिटर घेऊन परत गेला. आमच्यामुळेच भाव चढला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण बाहेरून रोकड घेऊन येणारा माणूस अशा बाजारात काय करतो, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून माझ्या यादीत पहिलं काम पेट्रोल मिळवण्याचं नसतं, पेट्रोलची गरज कमी करण्याचं असतं.

ती बरीच कमी होते. मुक्काम मोइरांगलाच हलवा, छावणीपासून चालत जाता येईल अशा घरात किंवा शाळेत. 45 लिटरांचे दहा-बारा होतात. सगळ्या गटाने रोज एकदम जाण्याऐवजी सामान एकाच खेपेत टाका. शहरात फिरायला ई-रिक्षा किंवा भाड्याच्या सायकली चालतील का, ते तिथल्या सोबत्यांना आधीच विचारा. जीपऐवजी लहान गाडी पुरत असेल तर जीप नको. एवढं करूनही उरतं तेवढंच इंधन तुमची खरी गरज.

त्या गरजेसाठी आधी सरळ मार्ग. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मणिपूरमध्ये शिरायला इनर लाइन परमिट लागतं, 2020 पासून. ते काढाल तेव्हाच संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र तयार ठेवा: किती माणसं, कुठली छावणी, कुठल्या गाड्या, गाड्यांचे नंबर, किती दिवस. हे पत्र जिल्ह्याच्या डीसी (म्हणजे आपल्याकडचे जिल्हाधिकारी) कार्यालयात देऊन इंधनासाठी लेखी शिफारस मागा. टंचाईत पंपांवर रेशनिंग लागतं, गाडीमागे ठराविक लिटर. रुग्णवाहिका आणि मदतीच्या गाड्यांसाठी वेगळी सोय झाली तर ती कागद दाखवूनच मिळते. पत्राच्या पाच-सहा प्रती न्या. झेरॉक्सचं दुकान वीज नसताना बंदच असतं.

रांगेसाठी माणूस आणि वेळ दोन्ही राखून ठेवा. कर्फ्यू असेल तर तो पहाटे शिथिल होतो, आणि इम्फाळमध्ये जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं. लोक आदल्या रात्रीपासून गाडी रांगेत लावून गेलेले असतात. गटातला एक जण फक्त या कामाला द्या, त्याच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा धरू नका. हिवाळ्यात उलटं, साडेचारलाच अंधारून येतं. परतीचा हिशेब त्याप्रमाणे करा.

तरीही बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागेल असा दिवस येईल. रस्त्याच्या कडेला स्टुलावर लिटर-लिटरच्या बाटल्या मांडून बसलेल्या बहुतेक बायका असतात. त्यांच्याशी चोराशी बोलावं तसं बोलू नका. त्यातल्या कित्येकींनी स्वतः किंवा घरच्या कुणी रात्रभर रांगेत उभं राहून ते मिळवलेलं असतं आणि त्यावर घर चाललेलं असतं. टँकर लपवून ठेवणारे आणि या बायका एका मापाने मोजायच्या नाहीत. पण कायद्याने ही विक्री गुन्हाच आहे हेही विसरू नका. पावती मिळणार नाही, संस्थेच्या हिशेबात तो खर्च कसा दाखवायचा ते विश्वस्तांशी निघण्याआधी बोलून घ्या. माझं मत असं: जीव वाचवण्याच्या फेरीसाठी घ्यावं, सोयीसाठी घेऊ नये. आणि घ्यायचं तर त्या फेरीपुरतं, दोन लिटर, तीन लिटर.

घेताना तपासायला शिका. घरून फिल्टर पेपरचं एक पाकीट न्या, वजन काहीच नाही. एक थेंब टाकायचा, शुद्ध पेट्रोल दोन-तीन मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. तेलकट कडा उरली तर रॉकेल किंवा डिझेल मिसळलेलं आहे. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवून तळ पाहा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की खाली वेगळा थर दिसतो. तसं पेट्रोल टाकीत गेलं तर गाडी डोंगरात बंद पडते, आणि त्या भागात रस्त्यावर रात्र काढणं ही नुसती गैरसोय नसते. मापासाठी लिटरचं खुणा असलेलं भांडं जवळ ठेवा. बाटलीवर लिटर लिहिलेलं असतं, आत असतंच असं नाही.

साठवण्याच्या बाबतीत मी कडक आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात 25 लिटरपर्यंत, काचेच्या बाटलीत फक्त एक लिटर. प्लॅस्टिकच्या कॅनचा त्यात उल्लेखच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत लांबवरच्या चुलीपर्यंत पोचते. छावणीत शेजारी शेगड्या, मुलं, उदबत्त्या. डबा माणसं झोपतात त्या खोलीत कधीच नको. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. भरताना डबा गाडीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि डबे इम्फाळमध्येच विकत घ्या. एकदा पेट्रोल भरलेला डबा रिकामा असला तरी विमानात चढू देत नाहीत.

रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत. 2023 मध्ये मे महिन्यापासून कित्येक महिने मोबाइल इंटरनेट बंद होतं. फोनवरून पैसे देणारी सवय तिथे एका दिवसात निकामी झाली, आणि एटीएमपुढच्या रांगा पेट्रोलच्या रांगांइतक्याच लांब होत्या. पन्नासच्या, शंभरच्या नोटा जास्त ठेवा आणि दोन-तीन माणसांत वाटून ठेवा. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, महत्त्वाचे नंबर वहीत लिहा.

विजेसाठी जनरेटर हा शेवटचा पर्याय समजा. लहान जनरेटरही तासाला साधारण अर्धा लिटर पितो, म्हणजे एका रात्रीत एका रुग्णाच्या फेरीचं पेट्रोल. सौर दिवे, पॉवर बँक एवढ्यावर भागवा (पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही). इन्सुलिन असेल तर मातीच्या एका मडक्यात दुसरं ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा, आतलं मडकं गार राहतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा परिणाम कमी होतो, पण उन्हापासून बचाव नक्की होतो. जनरेटर लावायचाच झाला तर उघड्यावर, खिडकीपासून लांब. बंद खोलीत त्याच्या धुराने माणसं झोपेतच जातात.

पाण्याचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इम्फाळमध्ये अनेक घरं टँकरचं पाणी विकत घेतात, आणि पाण्याचा टँकर डिझेलवर चालतो. डिझेल आटलं की पाणीही महागतं. क्लोरिनच्या गोळ्या आणि कापडी गाळणी भरपूर न्या. स्वयंपाकासाठी छावणीतला सिलिंडर वापरू नका. चिवडा, सत्तू, भाजलेलं पीठ असं शिजवावं न लागणारं बरोबर ठेवा.

डोंगराकडच्या बाजूलाही तुमचं काम असेल तर वेगळीच यादी लागेल. इम्फाळ ते चुराचांदपूर हे अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर, पण मध्ये सुरक्षा दलांचा बफर पट्टा. मैतेई चालक तिकडे जाऊ शकत नाही, कुकी-झो चालक इकडे येऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना ये-जा करणारे बरेच चालक पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान, असतात. चालकाला त्याच्या समाजाबद्दल आडून विचारण्यापेक्षा जायचं ठिकाण स्पष्ट सांगा, जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. तो नाही म्हणाला तर पैसे वाढवून देऊ नका, त्याला धोका कळतो. 2023 च्या हिंसाचारानंतर चुराचांदपूरकडे इंधन आणि औषधं मिझोरामहून, ऐझॉलच्या बाजूने तीनशेच्या वर किलोमीटरच्या खराब रस्त्याने येऊ लागली, त्यामुळे तिथला लिटर इम्फाळच्या लिटरपेक्षाही जपून वापरा. तिथे पोचल्यावर भरून घेऊ असं धरून टाकी अर्धी ठेवून निघू नका.

एका छोट्या वहीत रोजचे लिटर लिहा: किती घेतले, कुठून, कशासाठी जाळले. संध्याकाळी पाच मिनिटं लागतात, आणि चौथ्या दिवशी कोणती फेरी विनाकारण झाली ते आपोआप दिसतं. विमानतळापर्यंत पोचवणारे पाच लिटर पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि काहीही झालं तरी त्यांना हात लावू नका, नाहीतर परतताना तुम्हीच कुणाच्या तरी वाट्याचं इंधन मागत उभे राहाल. वाचलं तर ते, डबे आणि ती वही, छावणीत रुग्णांची गाडी चालवणाऱ्याच्या हातात द्या.