कोलंबो ते जाफना: ग्रुपने अभ्यासदौरा कसा करायचा

गोव्यातल्या फोंड्यातनं आमच्या वाचनकट्ट्याचे चौदा जण श्रीलंकेला जाऊन आलो, तेव्हापासनं कोण ना कोण विचारतंच, पॅकेज कुठलं घेतलंत म्हणून. पॅकेज नाहीच घेतलं. पॅकेजवाले कँडी, नुवारा एलिया आणि बीच दाखवून परत आणतात, बीच आपल्याला काय कमी आहेत? आम्हाला तिथला सिंहली-तमिळ वाद समजून घ्यायचा होता.

निघायच्या आधी महिनाभर दर रविवारी बसायचं. आणि सुरुवात तिकडनं नाही, आपल्या घरातनं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही), मग १९८६ चं कोकणी-मराठी भाषा आंदोलन, त्यात आपलं घर कुठल्या बाजूला होतं ते मोठ्या माणसांना विचारा. आमच्याकडे पहिल्याच रविवारी दोन काकांचं जोरात वाजलं, चहा थंड झाला. पण फायदा हा की १९५६ साली तिकडे फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा आला तेव्हा तमिळ माणसाला काय वाटलं असेल, ते नंतर कोणाला समजावत बसावं लागलं नाही. गंमत बघा, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा, राजभाषा कोकणी आणि मराठीचा'सुद्धा' वापर. त्याच वर्षी जुलैत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि नोव्हेंबरात श्रीलंकेच्या घटनेत आलं, तमिळ'सुद्धा' राजभाषा. हा 'सुद्धा' धरून अख्खा दौरा करता येतो. फक्त तुलना तिथेच थांबवा, तिकडे १९८३ ते २००९ युद्ध चाललं, आपलं तसं काही झालं नाही.

तीन करार तीन जणांना वाटून द्या: १९५७ चा पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांचा करार (वर्षभरात मोडला), १९८७ चा, आणि सरकार आणि एलटीटीई (वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी सशस्त्र संघटना) यांच्यात नॉर्वेच्या मध्यस्थीने २००२ ला झालेली शस्त्रसंधी. का मोडलं एवढंच प्रत्येकाने दहा मिनिटांत सांगायचं.

कोलंबोला दोन दिवस द्याच. बरेच जण थेट जाफना, म्हणजे उत्तरेतलं तमिळांचं शहर गाठतात, मग एकच बाजू डोक्यात बसते. जानेवारी १९९६ मध्ये सेंट्रल बँकेवर एलटीटीईने ट्रकबॉम्ब घातला, नव्वदच्या वर माणसं गेली, तो भाग पायी फिरा. कोट्टेला पार्लमेंटजवळ १९८७ च्या करारानंतर गेलेल्या भारतीय शांतिसेनेचं स्मारक आहे, आपले बाराशेच्या आसपास जवान श्रीलंकेत मारले गेले आणि इकडे किती जणांना माहीत आहे?

मग फोर्ट स्टेशनवरनं ट्रेन. १९९० पासून बंद पडलेली ही लाइन जाफन्यापर्यंत परत सुरू झाली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये, त्यामुळे प्रवासात झोपू नका, खिडकीतनं किलिनोच्ची, एलिफंट पास ही लढायांची ठिकाणं बघत जा. जाफन्यात पहिली लायब्ररी. १९८१ मध्ये जाळली, ९७ हजारांच्या घरात पुस्तकं आणि ताडपत्रं गेली. आता परत बांधलीय, पांढरीशुभ्र. आम्ही सगळे वाचनालयवाले, कोणी फोटोच काढला नाही. १९९० ला एलटीटीईने उत्तरेतनं मुसलमानांना हाकललं, त्यातल्या परत आलेल्या एखाद्या घरी जमलं तर जाच, ही तिसरी बाजू कोणी दाखवत नाही.

दुभाषे दोन घ्या. आम्ही पैसे वाचवायला एकच नेला, सिंहली, चांगला माणूस, पण त्याच्यासमोर जाफन्यातल्या आजीबाई फक्त पाऊसपाण्यावर बोलल्या. दुसऱ्या दिवशी तमिळ मुलगी मिळाली तेव्हा दोन तास बोलल्या. तुम्ही कोणाच्या बाजूने होता असं कधीच विचारायचं नाही, गाव कधी सोडलं आणि परत कधी आलात एवढंच विचारा. मोबाईल खिशात. १८ मेच्या आसपास जात असाल तर त्या दिवशी, म्हणजे युद्ध संपल्याच्या दिवशी, तिकडे युद्धात मेलेल्यांची आठवण काढतात, लांब उभं राहा.

रोज रात्री जेवणाआधी अर्धा तास सगळ्यांनी बसून बोलायचं, नाहीतर तेच बोलणं रूमवर भांडण होऊन निघतं. जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो, लाजणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि खेकड्याची करी खायचीय ती देवळाच्या दिवशी नको.