जंपिंग जॅक करताय? या चुका टाळा

शाळेत कवायतीच्या तासाला आपण हेच करायचो. एकला उडी मारून पाय फाकवायचे, हात डोक्यावर. दोनला पाय जवळ, हात खाली. तेव्हा चुका पचून जायच्या. चाळिशीत पचत नाहीत.

कुठे चुकतंय ते कळायला आरसा नको, कान पुरेत. धप्प-धप्प आवाज आला म्हणजे टाच आधी आपटतेय आणि गुडघे ताठ आहेत. चवड्यावर उतरा, टाच मागून अलगद टेकू द्या, गुडघे किंचित वाकलेले राहू द्या. उडी दोन-तीन बोटं उंच झाली तरी पुष्कळ. गुडघे आत झुकत असतील तर पाय कमी फाका.

जागेचं तर विचारूच नका. चिऱ्याच्या अंगणात अनवाणी उड्या मारल्या की दोन दिवसांत पोटऱ्या बोलायला लागतात, बूट घाला. पावसाळ्यात अंगणाला शेवाळ धरतं, म्हणून आपण पडवीत शिरतो. तिथे छप्पर उतरतं असतं. हात वाशाला लागेल या भीतीने ते अर्धेच वर जातात आणि खांदे कानांशी आवळले जातात. मी दोन महिने हेच केलं, आणि मान दुखते म्हणून उशा बदलत बसलो! पुळणीवर जायचं तर सुक्या वाळूत नको, घोटा मुरगळतो. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू चालेल. तिलाही उतार असतो, म्हणून तोंड समुद्राकडे करा, नाहीतर एक पाय सतत खाली पडतो.

श्वास रोखू नका. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि धाप लवकर लागते. २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या; मध्ये छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. वैशाखात सकाळी सातच्या आत उरका. आणि घावणे खाऊन लगेच नको, बरगडीखाली कळ येते.

बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचे थेंब गळतात, हे बायका कुणाला सांगत नाहीत. फिजिओथेरपिस्टला दाखवा, त्यावर व्यायाम आहेत. तोवर उडी न मारता एकेक पाय बाजूला टाका, हात तसेच वर. गुडघेदुखीवाल्यांनीही असंच करावं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबून डॉक्टर गाठा.

सहाही फेऱ्या बिनआवाजाच्या झाल्या, की २० चे ३० सेकंद करा.