बांधावरचं बी आधी पडू द्या, मग काय ते साफ करा

गौरी गेल्या की आपल्याकडं पाठीवर पंप चढतो आणि बांध जाळायला सुरुवात होते. दरवर्षी सांगतो, परत सांगतोय, आत्ता तणनाशक मारू नका. तेरडा, कुर्डू, कवळा, पिवळी तिळवण, ही सगळी एका पावसाळ्याची झाडं, आत्ता फुलात नाहीतर शेंगेत आहेत, बी पडायच्या आधी मेली की पुढच्या वर्षी तिथं गाजरगवतच येणार.

बांधावरची फुलं गेली की मधमाश्याही जातात, काकडीचे प्लॉट असे गेलेले बघितलेत मी. मादी फुलं भरपूर पण मधमाशी फिरकत नाही, मग बारकी काकडी पिवळी पडून गळते नाहीतर वाकडी होते, आणि दुकानदार म्हणतो बोरॉन कमी पडलंय, घ्या बाटली. अहो, बोरॉन काय नर फुलावरनं पराग उचलून नेणार आहे का?

परतीचा पाऊस यायच्या आत बी धरा. दोन दिवस ऊन दिसलं की लागाच, भिजलेल्या तुऱ्याला बुरशी येते. तेरड्याची फुगलेली शेंग हात लावला की फुटते, म्हणून आधी तिच्यावर कागदी पिशवी चढवा, मग दाबा. कुर्डूचा तुरा बुडाकडनं वाळत जातो, पेपरवर झटकला की काळं चकचकीत बी पडतं. कुर्डू पिकात घुसतो ही तक्रार खरी आहे, तिथं दिसला की कोवळा उपटा, भाजी करा. बी आपल्याच शिवारातलं घ्या, कास पठारावर जाऊन ओरबाडू नका.

बाकीचं:
- सावलीत 8 दिवस वाळवणे
- कागदी पुडी, वर नाव आणि तारीख
- जूनमध्ये पट्टी खुरपून मोकळी करणे
- कोरड्या वाळूत मिसळून फेकणे, वर माती न ओढणे, पायानं दाबणे
- खत नाही

दुकानातली रंगीत फुलांची मिक्स पाकिटं नकोत, त्यात बऱ्याचदा कॉसमॉस असतो, तो मूळचा मेक्सिकोचा, एकदा शिरला की हटत नाही. रानफुलांचा भरवसा नसेल तर कडेनं कारळा टाका. तो काही रानटी नाही, तेलबियांचं पीक आहे, पण मधमाश्या तुटून पडतात. सलग पिकाला शिफारस हेक्टरी 5 किलो, किलोभर बियाण्याला 3 ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळून, बांधाला मी मोजत बसत नाही, चार पावलांना एक चिमूट.

बांध साफ करायचाच असेल तर दिवाळीनंतर, विळ्यानं. कापलेलं आठवडाभर तिथंच आडवं पडू द्या, राहिलेलं बी तेवढ्यात झडतं.