'जन्नत' या शब्दाचा माग कसा काढावा

राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. त्याचे नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो; पण त्यातला 'खास' मूळचा अरबी आणि 'बाग' फारसी आहे, शिवाय तिथे लढणारा मल्ल ज्या 'तालमी'त घडतो ती 'तालीम' म्हणजे अरबीत शिक्षण, हे सहसा ध्यानात येत नाही. असे शब्द कुठून आणि कोणत्या वाटेने आले हे शोधण्याची रीत शिकायची असेल, तर 'जन्नत' हा शब्द सरावाला उत्तम आहे, कारण तो नायजेरियापासून बंगालपर्यंत पसरला आणि जाताना वाटेच्या खुणा अंगावर घेऊन गेला.

प्रथम शब्दाचा आजचा अर्थ, म्हणजे स्वर्ग, बाजूला ठेवून मूळ अर्थ पाहावा. अरबीत 'जन्ना' म्हणजे बाग. कुराणात हा शब्द स्वर्गासाठी येतो, तसाच द्राक्षवेलींच्या साध्या, ऐहिक बागेसाठीही येतो. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो, म्हणून स्वर काढून टाकून ज-न-न ही व्यंजने कागदावर मांडावीत आणि त्याच व्यंजनांचे इतर शब्द त्यांच्याखाली लिहावेत. डोळ्यांना न दिसणारा 'जिन', आईच्या पोटात झाकलेला गर्भ म्हणजे 'जनीन', आणि ज्याला जिनाने झपाटले तो 'मजनून', म्हणजेच आपल्या ओळखीचा मजनू. झाकणे, दडवणे हा या सर्वांना जोडणारा धागा आहे, आणि झाडांच्या दाट सावलीने जिची जमीन झाकली गेली ती 'जन्ना', हा पारंपरिक उलगडा मला फार सुंदर वाटतो. हिब्रूतला 'गन', म्हणजे बाग, हा याच शब्दाचा भाऊ. इजिप्तमध्ये आजही 'जन्ना'चा उच्चार 'गन्ना' असाच होतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिथे घाई करू नये. 'जन्ना'च्या शेवटी अरबीत एक विशेष अक्षर येते, जे एकटे उच्चारताना जवळजवळ ऐकू येत नाही, पण पुढे शब्द जोडला की 'त' होऊन प्रकटते. फारसीने असे शब्द घेताना काहींचा 'त' कायमचा पक्का केला आणि काहींचा सोडून दिला. मराठीत हे दोन्ही गट शेजारी शेजारी नांदत आहेत : एकीकडे दौलत, इमारत, हरकत, किंमत, बरकत, दुसरीकडे किल्ला, हिस्सा, किस्सा. अरबीत हे सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत, तर फारसीत व्याकरणिक लिंगच नाही. तरीही आपण 'ती दौलत' आणि 'तो किल्ला' म्हणतो, म्हणजे इथे लिंग मराठीने शब्दाच्या शेवटावरून स्वतः ठरवले. शब्द आपल्याकडे आल्यावर आपणही त्याला घडवतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

आता ही 'त'ची कसोटी निरनिराळ्या भाषांना लावावी. उर्दू-हिंदीत 'जन्नत', बंगालीत 'जान्नात', तुर्कीत 'जेन्नेत', बोस्नियन आणि अल्बेनियन भाषांत 'जेनेत' : या सर्वांत 'त' टिकला आहे. तुर्कीने असंख्य अरबी शब्द फारसीच्या हातून घेतले आणि उस्मानी (ऑटोमन) सत्तेबरोबर ते बाल्कन प्रदेशात पोहोचले. आपल्याकडेही दरबाराची आणि दफ्तराची भाषा फारसी होती. उलट उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेत 'अलजन्ना' आहे. तिथे 'त' नाही, पण अरबीतले 'अल्' हे उपपद शब्दाला चिकटून आले आहे, कारण सहारा ओलांडून गेलेल्या व्यापाऱ्यांकडून आणि विद्वानांकडून तो फारसीची मध्यस्थी न होता पोहोचला. एका अक्षराच्या असण्या-नसण्यावरून शब्दाची वाट अशी कळते.

शब्दकोश पाहताना एक सावधगिरी बाळगावी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती 1857) शब्दाशेजारी मूळ भाषेचे आद्याक्षर दिलेले असते, आणि हा कोश आता संगणकावरही शोधता येतो. परंतु ते आद्याक्षर शब्दाचे जन्मगाव सांगते, प्रवास सांगत नाही. 'दौलत' अरबी आहे हे खरेच, पण ती आली फारसीतून, आणि ही नोंद आपली आपणच करावी लागते. शिवाय देवनागरीतला 'ज' परक्या लिपीतली अनेक अक्षरे स्वतःत सामावून घेतो. त्यामुळे 'जनानखाना' शब्दातला 'जनाना' 'जन्नत'च्या कुळातला वाटू शकतो. वस्तुतः तो फारसीतल्या स्त्रीवाचक 'ज़न'पासून आला आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर नाते जुळवू नये.

शब्द जिथे गेला नाही, किंवा गेला तरी एकटा राज्य करू शकला नाही, ती ठिकाणेही तपासावीत. इंडोनेशियात इस्लाम पोहोचला तरी लोकांच्या तोंडी स्वर्गाला 'सुर्गा' हाच शब्द राहिला, आणि तो आपल्या 'स्वर्ग'चाच अवतार आहे. फारसीतही स्वतःचा 'बहिश्त' टिकून राहिला. त्याचे मूळ पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या, अवेस्तातल्या, 'वहिश्त' म्हणजे 'सर्वोत्तम' या शब्दात असून त्याचे संस्कृत रूप 'वसिष्ठ' आहे. पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाला पूर्वी 'भिस्ती' म्हणत, तो शब्द 'बहिश्ती', म्हणजे स्वर्गातला, यावरूनच आला. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला भाषेने दिलेला हा मान मला मोठ्या पदवीहून मोलाचा वाटतो.

ही रीत हातात बसली की 'फिरदौस' घ्यावा. हा अरबी शब्द कुराणात दोनदा आला आहे, पण त्याचा उगम प्राचीन इराणी 'पइरिदएझ' म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा हा आहे. यातला 'पइरि' म्हणजे आपल्या 'परिसर'मधला 'परि'. ग्रीकांनी त्याचा 'पारादेइसोस' केला, त्यातूनच इंग्रजीतला 'पॅरडाइज' आला. आणि अरबीत स्थिरावलेला 'फिरदौस' इराणात परतला तेव्हा 'शाहनामा' रचणाऱ्या कवीने फिरदौसी हे नाव धारण केले. या शब्दासाठी वहीत दोन बाण काढावे लागतील : एक इराणाबाहेर जाणारा आणि दुसरा इराणकडे परतणारा.