निवृत्तीनंतर मेक्सिको? ठरवण्याआधी या चुका टाळा

ह्यूस्टनमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत कुणाची साठी जवळ आली की विषय निघतोच: आता पुढे कुठे? पुण्याला परत, इथेच मुलांजवळ, की तिसरंच काही? या तिसऱ्यात हल्ली मेक्सिकोचं नाव येतं, आणि आलं की जेवणाच्या टेबलाचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "वेड लागलंय का, तिथे रोज मुडदे पडतात." दुसरा म्हणतो, "अहो, आम्ही कान्कूनला सात वेळा जाऊन आलो, काही होत नाही." मी आणि माझा नवरा मिलिंद तीन हिवाळे आणि मुद्दाम एक उन्हाळा तिथे भाड्याच्या घरांत राहून आलो. माझं मत विचाराल तर दोन्ही तट एकाच जागी चुकतायत. दोघंही अख्ख्या देशाबद्दल बोलतायत, आणि राहायचं असतं एका गल्लीत.

"मेक्सिको सुरक्षित आहे का?" असं विचारणं

मेक्सिको महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे. त्यात 32 राज्यं. 2023 मध्ये देशभराचं खुनांचं प्रमाण लाख लोकांमागे चोविसाच्या आसपास होतं, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास चौपट. एवढं वाचून माणूस लॅपटॉप मिटतो. पण याच सरासरीत युकातान राज्य आहे, जिथे हे प्रमाण दोनाच्या आसपास असतं, आणि कोलिमाही आहे, जिथे ते शंभरच्या वर गेलं. सरासरी काढून दोन्हीकडची खरी गोष्ट हरवते.

हिंसेला तिथे भूगोल आहे, तो आधी समजून घ्या. कोलिमात मान्सानियो हे मोठं बंदर आहे, अमली पदार्थांसाठीच्या रसायनांची चोरटी आवक तिथून होते, म्हणून टोळ्यांना ते हवं असतं. ग्वानाहुआतोत सालामांकाचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि त्याच्या पाइपलाइनी आहेत. पाइपला भोक पाडून पेट्रोल चोरायचं, या धंद्याला तिथे 'वाचिकोल' म्हणतात, आणि त्यावरून सेलाया, इरापुआतो, सालामांका या पट्ट्यात वर्षानुवर्षं रक्त सांडतंय. ऑगस्ट 2022 मध्ये याच राज्यात टोळ्यांनी गाड्या आणि कोपऱ्या-कोपऱ्यावरची ऑक्सो दुकानं पेटवली होती. आणि परदेशी निवृत्तांचं लाडकं सान मिगेल दे आयेंदे, दगडी रस्त्यांचं, गुलाबी चर्चचं, युनेस्कोच्या यादीतलं गाव? तेही याच ग्वानाहुआतोत, सेलायापासून गाडीने जेमतेम तासाभरावर. गावात संध्याकाळी निवांत फिरता येतं. प्रश्न त्या तासाभराच्या रस्त्याचा आहे.

म्हणून अमेरिकी परराष्ट्र खात्याची राज्यवार सूचना वाचा, पण तिथे थांबू नका. ती चार पायऱ्यांची असते, वेळोवेळी बदलते, आणि राज्यापलीकडे फारसं बारीक सांगत नाही. मेक्सिकोचं सरकार गुन्ह्यांचे आकडे दर महिन्याला, नगरपालिकेच्या पातळीपर्यंत जाहीर करतं. तिथली सांख्यिकी संस्था इनेगी दर तिमाहीला शहरांतल्या लोकांना विचारते की तुम्हाला तुमच्या शहरात असुरक्षित वाटतं का. कुलियाकानसारख्या शहरांत बहुसंख्य लोक 'हो' म्हणतात. स्पॅनिश येत नसेल तरी आकडे वाचता येतात.

मग कागदावर तीन रेघा ओढा: घर ते विमानतळ, घर ते मोठं हॉस्पिटल, घर ते भाजीबाजार. चापाला तळ्याकाठचं आहिहिक आम्हाला आवडलं, त्यात या रेघांचा मोठा वाटा आहे. राज्य हालिस्को, म्हणजे अमेरिकेच्या यादीत 'प्रवासाचा फेरविचार करा' या पायरीवरचं, हे खरंच. पण ग्वादालाहाराचा विमानतळ शहराच्या चापालाच्याच बाजूला आहे, त्यामुळे शहर ओलांडावं लागत नाही. तळ्याची दुसऱ्या टोकाकडची बाजू मिचोआकानमध्ये जाते, तिकडे मात्र 'छान रस्ता आहे' म्हणून भटकायला जाऊ नये.

टोळीची भीती बाळगणं आणि फोन बिनधास्त उचलणं

युकातानची राजधानी मेरिदा, तिथला आमचा दुसराच आठवडा. दुपारी घरच्या लँडलाइनवर फोन. पलीकडे एक मुलगी हमसून हमसून रडतेय: "मामा, मामा!" मामा म्हणजे स्पॅनिशमध्ये आई. मी "रेवा? रेवा, काय झालं?" म्हणणारच होते. आपली सवयच ती, समोरच्याने नाव सांगायच्या आत आपण अंदाजाने नाव घेतो. मिलिंदने हातातून रिसीव्हर घेऊन ठेवून दिला. मग डॅलसला रेवाला फोन लावला, ती ऑफिसात सॅलड खात होती.

ही खंडणीची जुनी युक्ती आहे, आणि नाव तुमच्याच तोंडून काढणं हा तिचा पाया. एकदा नाव मिळालं की 'तुमची मुलगी आमच्या ताब्यात आहे' सुरू होतं, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला फोन ठेवू देत नाहीत. असा फोन आलाच तर नाव घेऊ नका, फोन ठेवा, ज्या माणसाबद्दल बोलणं चाललंय त्याला दुसऱ्या फोनवरून गाठा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. आमचा 'वडाभात' आहे, तो नागपूरबाहेरच्या कुणाला सुचणार नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची गाडी. हे मी पोटतिडकीने सांगते, कारण टेक्सासमध्ये रात्री चार तास चालवणं आपल्याला काहीच वाटत नाही. तिथे गावाच्या वेशीवर 'तोपे' असतात, म्हणजे आपले गतिरोधक, पण पुष्कळदा रंग नाही, दिवा नाही, आणि उंची अशी की ऑइलपॅन फुटावा. रस्त्यावर गुरं. शिवाय लूटमारीचा धोका अंधारात वाढतो तो वेगळाच. लांबच्या प्रवासाला 'कुओता' म्हणजे टोलचा महामार्गच घ्यायचा, आणि ऊन असताना पोचायचं. गाडी बंद पडली तर 078 लावा. 'आन्हेलेस बेर्देस' नावाची सरकारी हिरवी गाडी मदतीला येते. बाकी सगळ्या आणीबाणीला 911, अमेरिकेसारखंच.

ट्रॅफिक पोलिसाने थांबवून चिरीमिरी मागितली तर? तिला तिकडे 'मोर्दिदा' म्हणतात, शब्दशः 'चावा'. वाद घालायचा नाही, पाकीटही काढायचं नाही. शांतपणे 'बोलेता' म्हणजे दंडाची पावती मागायची आणि कचेरीत भरतो म्हणायचं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एवढ्यावर सुटका होते. आणि शहरात रस्ते अडवल्याच्या, बस जाळल्याच्या बातम्या आल्या तर काही 'बघायला' किंवा दूध आणायला बाहेर पडू नका. चारपाच दिवसांचा शिधा आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन गाराफोन घरात असले की तेवढी कळ काढता येते.

मे महिना न बघता घर ठरवणं

जानेवारीत मेरिदा म्हणजे स्वर्ग. मी नागपूरची, ऊन मला नवं नाही. पण मेरिदाचा मे हा नागपूरचा मे आणि मुंबईची दमट हवा यांचा संयोग आहे. पारा चाळिशी पार करतो आणि घाम वाळत नाही. एसी लागतोच, आणि मग येतं विजेचं बिल. तिथली सरकारी वीज कंपनी सेएफेए घरगुती वापराला भरपूर अनुदान देते, पण बारा महिन्यांची सरासरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तुम्ही 'दाक' नावाच्या दरात जाता आणि अनुदान संपतं. सरासरी वर्षाची असल्याने पुढच्या महिन्यात एसी बंद ठेवून लगेच बाहेरही पडता येत नाही. भाड्याचं घर बघताना आधीच्या भाडेकरूचं बिल मागा आणि त्यावर दाक ही अक्षरं आहेत का ते बघा. घरमालकाने टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं समजा.

पैशांचाच विषय आहे तर एक हिशेब. एप्रिल 2020 मध्ये डॉलरला साधारण 25 पेसो मिळत, एप्रिल 2024 मध्ये 17 सुद्धा नाहीत. महिना दोन हजार डॉलर धरून बसलेल्यांचे पन्नास हजार पेसो चौतीस हजारांच्या आत आले. 'तिथे स्वस्ताई आहे' हे वाक्य त्या दिवशीच्या दरासकटच ऐकायचं.

सातबारा न बघता समुद्राकाठी प्लॉट

आपण गावाकडे सातबारा बघितल्याशिवाय गुंठाभर घेत नाही, मग तिथे सूर्यास्त बघून बयाणा का देतो कोण जाणे. मेक्सिकोच्या 1917 च्या राज्यघटनेचं कलम 27 सांगतं की किनाऱ्यापासून 50 किलोमीटर आणि सरहद्दीपासून 100 किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन थेट आपल्या नावावर करता येत नाही. तिथे 'फिदेइकोमिसो' लागतो: मालकी बँकेच्या नावाने, लाभ तुमचा, मुदत 50 वर्षं, पुढे वाढवता येते, आणि बँकेची वार्षिक फी. मेरिदा नकाशावर आत वाटतं, पण प्रोग्रेसोचा किनारा तिथून चाळीस किलोमीटरही नाही, तेव्हा तेही या पट्ट्यातच.

खरा सापळा 'एहिदो'चा. क्रांतीनंतर शेतकऱ्यांच्या समूहांना वाटलेली ही सामायिक जमीन. विकणारा माणूस प्रामाणिक चेहऱ्याचा असतो, किंमत निम्मी असते, कागदावर शिक्केही असतात, आणि ती जमीन परदेशी माणसाच्या नावावर होतच नाही. व्यवहार 'नोतारिओ पुब्लिको'समोरच होतो. तो आपल्याकडचा कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी नव्हे, सरकारने नेमलेला वरिष्ठ वकील असतो. तरीही पहिलं वर्ष भाड्यानेच राहा.

व्हिसा आणि ग्रीन कार्ड

पर्यटक म्हणून 180 दिवसांपर्यंत राहता येतं, पण किती दिवस द्यायचे ते अधिकारी ठरवतो. 180 हा हक्क नाही. कायम राहायचं तर 'रेसिदेन्ते तेम्पोराल'चा अर्ज मेक्सिकोबाहेरच्या त्यांच्या वकिलातीत करावा लागतो. तिथे व्हिसा चिकटवून मिळाला की 180 दिवसांच्या आत प्रवेश, आणि प्रवेशानंतर 30 दिवसांच्या आत कार्डासाठी कचेरीत हजेरी. हे 30 दिवस चुकवणारे लोक मी पाहिलेत, 'आधी जरा फिरून घेऊ' म्हणत. लागणारं उत्पन्न बहुतेक वकिलाती किमान वेतनाच्या पटीत मोजतात, आणि ते वेतन 2018 मध्ये रोज 88 पेसो होतं, 2025 मध्ये 278. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राने सांगितलेला आकडा म्हणूनच धरायचा नाही. चार वर्षांनी कायम रहिवासी होता येतं, पण त्या दिवसापासून टेक्सासची पाटी असलेली गाडी तिथे ठेवता येत नाही.

आपल्यातले जे अजून भारतीय पासपोर्टवर ग्रीन कार्डधारक आहेत त्यांच्यासाठी मात्र ही चूक सगळ्यात महाग. परतीचा परवाना न काढता वर्षभराहून जास्त बाहेर राहिलात तर कार्ड गेल्यात जमा, आणि त्याहून कमी काळातही 'तुमचं घर आता मेक्सिकोत आहे' असं सरहद्दीवर कुणी ठरवू शकतं. आधी नागरिकत्वाचं बघा, मग तळ्याकाठी घर.

आजारपण 'तिथे स्वस्त आहे' म्हणून सोडून देणं

डॉक्टर चांगले आहेत, वेळ देतात, फी कमी. इथवर सगळं खरं. पण मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेक्सिकोत, किरकोळ अपवाद सोडले तर, चालत नाही. म्हणून काहीजण त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या फीसाठीचा हप्त्याचा भाग, घेतच नाहीत. पुढे मोठं आजारपण आलं की अमेरिकेत परत धावावं लागतं, आणि तेव्हा उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 10 टक्के दंड हप्त्यावर जन्मभर लागतो. तिथला खासगी विमा पासष्टीनंतर नव्याने मिळणं कठीण, आणि इम्स या सरकारी योजनेत स्वेच्छेने शिरताना आधीचे बरेच आजार आडवे येतात. मोठ्या खासगी हॉस्पिटलात दाखल करतानाच अनामत रक्कम मागतात, तेव्हा मर्यादा भरपूर असलेलं क्रेडिट कार्ड हाताशी हवं. उंचीचंही बघा. मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, सान मिगेल एकोणीसशेच्या आसपास. मिलिंदच्या हृदयात स्टेंट आहे, आणि सान मिगेलच्या चढावर तिसऱ्या दिवशी आम्ही त्या गावाचा नाद सोडला.

शाकाहारी माणसाने 'बीन्सच तर आहेत' म्हणणं

फ्रिहोलेस पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो", चरबी नको, कोंबडीचं पाणी नको, एवढं पाठ करून जा. बाकी मंडईत परकं वाटत नाही. मिरची, पपई, चिकू, सीताफळ ही मंडळी मूळची त्याच भागातली. आपल्याकडची एक व्यक्तीही तिथे घर करून गेली आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर संशोधन करून शिकवत राहिले, आणि दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात आजही भाकरी मोडताना दिसतात. म्हातारपणी मात्र ते नागपूरला परतले.

नावाकडे दुर्लक्ष

हसू नका, हे खास आपलं दुखणं आहे. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. आपलं नाव, मधे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मग आडनाव असं लिहून दिलं की मधलं नाव बिनदिक्कत पहिलं आडनाव होऊन बसतं. रेसिदेन्तेचं कार्ड, बँक खातं आणि मृत्युपत्र यांत ते तीन तऱ्हांनी पडलं की वारसांचे हाल. (मृत्युपत्र तिथे सप्टेंबरात करा, त्या महिन्यात नोतारिओ सवलत देतात.) कार्ड छापण्याआधी पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, आडनाव एकच आहे हे निक्षून सांगा.

मी सांगितलं नव्हतं. आहिहिकच्या एका दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले, बाकावर बसले. दार उघडून नर्सने हाक मारली, "सेन्योरा मिलिंद!" मी खुशाल बसून राहिले. उठून गेला मिलिंद.